आजींना ‘सोशिक’ म्हणावे का?

पत्र : माझी आजी गेल्या कार्तिकात, नव्वदीला टेकलेली असताना गेली. मी तिची थोरली नात. माझे बालपण वडोदऱ्याला दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात तिच्याजवळ गेले. आता नोकरीमुळे पुण्यात असते. वर्षश्राद्धाला काकांनी सोळा पानांची स्मरणिका काढायचे ठरवले आहे आणि मुख्य लेख मी लिहावा असे सर्वांचे म्हणणे आहे. काकांनी नमुन्यादाखल ओळी पाठवल्या : ‘जन्म १ जून. प्रेमळ, सोशिक, देवभोळी, सर्वांना धरून राहणारी माउली.’ मला यात माझी आजी दिसत नाही. ती दुपारी हिंचक्यावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत मुंबईहून येणारे मराठी वर्तमानपत्र वाची आणि छपाईच्या चुकांवर पेन्सिलीने खुणा करी. महाराज गेले तेव्हा मी तीन वर्षांची होते, असे सांगे. तिने बत्तीस वर्षे शेजारपाजारच्या बायकांची पोलकी शिवली आणि त्या पैशांतून आत्याचे शिक्षण झाले. पण हे लिहू नये, त्यात आजोबांचा कमीपणा दिसतो, असे काका म्हणतात. शेवटची दोन वर्षे तिला स्मृतिभ्रंश होता. ती मला ओळखत नसे, भलत्याच नावाने हाक मारी, आणि आता आठवायला बसले की तीच दोन वर्षे डोळ्यांपुढे येतात. तेराव्याला पाणीगेटकडच्या एक वृद्ध बाई आल्या होत्या. त्या आजीचा उल्लेख तिच्या माहेरच्या नावाने करत होत्या. ते नाव मी त्या दिवशी प्रथम ऐकले. चौतीस वर्षांत जिला आजीचे नावसुद्धा ठाऊक नव्हते, तिने तिच्यावर लेख काय लिहायचा?
— एक नात

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

लेख कसा लिहू असे विचारणाऱ्या तुमच्या पत्रातच त्या लेखाची सुरुवात येऊन गेली आहे. हिंचक्यावर बसलेली एक बाई अडकित्ता बाजूला ठेवून पेन्सिल उचलते आणि छापील मजकुरातली चूक धरते, हे चित्र तुमच्या आजींना कधीही न पाहिलेल्या माणसालाही दिसते. ‘प्रेमळ माउली’ मात्र त्यांच्या हाताखाली वाढलेल्या पुतण्या-भाच्यांनाही दिसणार नाही, कारण गेल्या महिन्यात वारलेल्या दुसऱ्या कोणाच्या आजीवरही तेच दोन शब्द छापून आले असतील. लेख त्या पेन्सिलीपासून सुरू करा आणि जन्मतारीख मागाहून येऊ द्या.

त्याआधी त्या पेन्सिलीचा थोडा शोध घ्यायला हवा. खुणा कशाच्या असत, ऱ्हस्वदीर्घाच्या की गळलेल्या अनुस्वाराच्या? चूक सापडली की आजी चिडत, हसत, की आतल्या खोलीतून कोणाला तरी हाक मारून ती वाचून दाखवीत? तो अंक रद्दीत जाई की बाजूला ठेवला जाई? आणि मुख्य म्हणजे शुद्धलेखनाची एवढी चाड त्यांना कोठून आली? वडोदऱ्यात त्या काळी जन्मलेल्या मुलीच्या बाबतीत या प्रश्नाला एक भक्कम उत्तर आहे. वडोदरा संस्थानचे राजे सयाजीराव महाराज यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो कायदा सबंध राज्याला लावला. सक्ती मुलींनाही होती आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दंड भरावा लागे. पुढे १९१० साली बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून घेऊन महाराजांनी राज्यभर वाचनालयांचे जाळे विणायला घेतले आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. याचा अर्थ असा की, तुमच्या आजीच नव्हेत, तर त्यांच्या आईसुद्धा कदाचित दंडाच्या धाकाने का होईना, पाटी घेऊन शाळेत गेलेल्या असतील. आई लिहिणारी आणि लेक लिहिणारी, तर माहेराहून आलेले एखादे पोस्टकार्ड ट्रंकेच्या तळाशी, साड्यांखाली अंथरलेल्या कागदाखाली निघण्याचा संभव आहे. काकूंना तेवढे पाहायला सांगा.

मात्र एक सावधगिरी बाळगा. आपल्या वडोदेकर मराठी माणसांना महाराजांचा विषय निघाला की थांबता येत नाही (माझेच वरचे वाक्य पाहा), आणि सोळा पानांतली पाच पाने राजवाड्यावरच खर्ची पडतात. तुमच्या लेखात महाराजांना दोन वाक्ये पुरेत, तीही आजींच्या पाटीपेन्सिलीला लागून असतील तेवढीच.

जन्मतारखेचेही याच ओघात सांगते. शाळेत नाव घालताना खरी तारीख ठाऊक नसली की मास्तर १ जून लिहून मोकळे होत, म्हणून आपल्याकडची एक सबंध पिढी एकाच दिवशी जन्मलेली दिसते. आजींनी तुम्हांला दिलेली खूण या दाखल्यापेक्षा मोलाची आहे. महाराजांचे निधन ६ फेब्रुवारी १९३९ रोजी झाले. त्या वेळी आजी पुऱ्या तीन वर्षांच्या असतील, तर त्यांचा जन्म फेब्रुवारी १९३५ ते फेब्रुवारी १९३६ या वर्षभरातला धरावा लागेल. १९३६च्या जानेवारीत महाराजांच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव झाला, तेव्हा हे मूल पोटात होते की पाळण्यात, हे घरातले कोणी कधी बोलले होते का, ते विचारा. जुन्या बायका जन्म सांगताना तारखेपेक्षा असल्या खुणाच सांगत. स्मरणिकेत ‘१ जून’ छापायचीच असेल, तर ‘शाळेच्या दाखल्याप्रमाणे’ एवढे दोन शब्द पुढे जोडा. त्याच पानावर मला आणखी एक गोष्ट वाचायला आवडेल. तुमच्या आजी वडोदरा शहराबाहेर राहायला गेल्याचे पत्रात कोठे दिसत नाही; तरी त्या गायकवाडी राज्यात जन्मल्या, १९४९ साली मुंबई राज्यात गेल्या, १९५६ साली मराठी-गुजराती अशा विशाल द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी गुजरातेत. ओटला तोच, आणि पत्त्यातली शेवटची ओळ मात्र सारखी बदलते आहे. हे सगळे त्यांना कसे वाटले असेल, की पाण्याची वेळ आणि दुधाचा भाव यांपुढे काहीच वाटले नसेल, हे तुमचे काकाच सांगू शकतील.

आता विशेषणांकडे येते. तुमच्याच वयाची असताना मीही हा उद्योग केला होता. माझी आजी गेली तेव्हा मी मंडळाच्या अंकात तिच्यावर दोन पाने लिहिली, आणि त्यात अगदी घोळून घोळून ‘निष्कपट’ हा शब्द घातला. माझ्या मोठ्या आत्याने ती पाने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि विचारले, “हे छानच आहे गं, पण आहे कोणावर?” मग ती हसत सुटली. कारण माझी आजी पाच-तीन-दोन खेळताना बेधडक लबाडी करी. नातवंडे पाणी प्यायला उठली की त्यांची पाने पाहून घेई, हुकमाचे पान मांडीखाली दडवी, आणि पकडली गेली की, “तुमचे लक्ष आहे का, ते पाहत होते,” असे म्हणून डाव पुन्हा वाटायला लावी. हे मला पक्के ठाऊक होते, मी स्वतः त्या डावांत हरले होते. तरी लिहायला बसल्यावर हातातून ‘निष्कपट’ उतरले. त्याची चुटपुट मला अजून आहे.

म्हणून काकांच्या ओळीतल्या प्रत्येक शब्दापुढे थांबून विचारा की, हे कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणापुढे घडले? ‘प्रेमळ’ म्हणजे त्यांनी नेमके काय केले? तुम्हांला ताप आला म्हणजे त्या कपाळावर हात फिरवीत बसत, की “भिजलीस कशाला?” म्हणून आधी चार शब्द सुनावून मग आल्याचा काढा आणून देत? दुसरे खरे असेल तर ते तसेच लिहा, वाचणारे काय ते समजतील. ‘देवभोळी’चा निकाल चुटकीसरशी लागेल : देवापुढे दिवा त्या लावत असतील तर तो केव्हा आणि कसा लावत तेवढे लिहा, नसतील तर शब्द गाळा. ‘सर्वांना धरून राहणारी’ हे भावजयांना आणि सुनांना विचारल्याशिवाय छापू नये, असे माझे मत आहे.

‘सोशिक’ हा शब्द मात्र सोपा नाही, आणि तुमचा खरा जीव तिथेच अडकला आहे असे पत्रावरून वाटते. सोसणे हे पुष्कळदा आजूबाजूच्यांच्या सोयीचे असते. बाई सोशिक होती म्हटले की तिने काय सोसले, का सोसले आणि तेव्हा आपण कोठे होतो, हे तिन्ही प्रश्न मिटतात. पैसे कमी पडले म्हणून तुमच्या आजी गप्प बसल्या नाहीत, त्या शिवायला बसल्या. बत्तीस वर्षे. आठवड्याला दोनच पोलकी धरली तरी तीन हजारांच्या वर जातात, आणि प्रत्येकाला पुढे हुकांची पट्टी, बगलेत जोड, काठांची दुमड. त्या शिवण कोठे शिकल्या हे पत्रात नाही. महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय वडोदऱ्यात १९१४ पासून आहे आणि बायकांना हाताला काम मिळावे हाच त्याचा हेतू होता, तेव्हा तिथला एखादा दाखला घरात आहे का, की आजी शेजारणीकडे पाहून शिकल्या, हे विचारून घ्या. त्याहूनही महत्त्वाची म्हणजे त्यांची मापांची वही. पोलकी शिवणारी प्रत्येक बाई अशी वही ठेवते, आणि तीत छाती-कंबर-बाहीच्या आकड्यांशेजारी कोणाचे पैसे आले, कोणाचे राहिले, कोणाकडून घेऊ नयेत, हे सगळे असते. ती सापडली तर तुमच्या आजींनी स्वतःच्या हाताने लिहिलेले चरित्र सापडले असे समजा. एका पानाचे छायाचित्र स्मरणिकेत द्या, फक्त दांडिया बाजारातल्या बायकांची मापे आणि नावे झाकून. त्यांच्या सुना वर्षश्राद्धाला जेवायला येणार आहेत.

काकांशी वाद घालू नका. वडिलांचा कमीपणा दिसेल ही त्यांची भीती खोटी नाही. ज्या काळात ते वाढले त्या काळात घरातल्या बाईने पैशासाठी शिवणे ही चारचौघांत सांगायची गोष्ट नव्हती, आणि त्यांनी ते गुपित साठ वर्षे सांभाळले आहे. त्यांच्याजवळ बसून एवढेच विचारा की, रात्री अंथरुणात पडल्यावर मशीनचा आवाज ऐकू येत असे का? दिवा कोठे असे? दोऱ्याची रिळे मंगळबाजारातून कोण आणून देई? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात आजोबा निघतील अशी मला आशा आहे. कचेरीतून येताना रिळे आणणारा, मशीनला तेल घालणारा, किंवा निदान रात्री आवाजाबद्दल तक्रार न करणारा नवरा लेखात आला की त्याचा कमीपणा कोठे राहिला? तसे काही नसेल, आणि आजोबांनी खरोखरच काही केले नसेल, तर त्यांच्यावर एक अक्षर न लिहिता आजींचे काम लिहिता येते.

एवढ्यावरही काका अडून राहिले, तर आत्याला मध्ये घ्या. शिक्षण तिचे झाले आहे. ते कोणत्या पैशांतून झाले हे सांगण्याचा पहिला हक्क तिचा आहे आणि काकांना तिचे तोंड धरता येणार नाही. स्मरणिकेत तिच्या नावाने अर्धे पान ठेवा आणि तिला तिच्या शब्दांत लिहू द्या. आणि आत्याही कचरली, तर काकांना स्पष्ट सांगा की, शिवण गाळायची असेल तर ‘सोशिक’ही गाळू, दोहोंपैकी एकच ठेवणे मला जमणार नाही. सबंध हकीकत तुमच्या वहीत मात्र लिहून ठेवा, तारखेसह. स्मरणिकेच्या प्रती दोन वर्षांत माळ्यावर जातात, वही तुमच्याजवळ राहील.

भाषेविषयीही थोडे सांगायला हवे, कारण छापखान्यात तुमचा लेख ‘शुद्ध’ करणारे कोणी तरी भेटेलच. लेख तुमच्या मराठीत असू द्या, पण आजींच्या तोंडचे वाक्य आजींचेच हवे. आपल्या वडोदऱ्याच्या मराठी घरांत भाजीला शाक म्हणतात, झोपाळ्याला हिंचका म्हणतात, जमत नाही याला “मला फावत नाही” म्हणतात आणि नक्कीच्या जागी “चोक्कस” म्हणतात. पुण्यात तुम्ही हे बोलायचे सोडले असाल, पण तुमच्या पत्रात हिंचका आला आहे, यावरून कान अजून शाबूत आहेत. त्यांचे एक वाक्य जसेच्या तसे आठवले तर त्यांच्या स्वभावाची दोन पाने लिहायची राहिली तरी चालतील. आणि मुद्रिते दोनदा तपासा. जिने जन्मभर छापील चुका धरल्या तिच्या स्मरणिकेत ‘स्मृती’चा ‘स्म्रुती’ झालेला कोणाला पाहवणार आहे?

आता त्या दोन वर्षांविषयी. शेवटचा आजार आधीच्या सगळ्या वर्षांना झाकून टाकतो, हा अनुभव पुष्कळांना येतो. ते चित्र सर्वांत ताजे असते, आणि त्यात आपण सर्वांत असहाय असतो. ते ढकलून लावायचा प्रयत्न करू नका, तो साधत नाही. त्याच्या मागे जायची वाट मला तरी हातांतून सापडली आहे. छायाचित्राकडे टक लावून बसण्यापेक्षा वडोदऱ्याला जाल तेव्हा एका दुपारी त्यांचा अडकित्ता घेऊन त्याच हिंचक्यावर बसा, एक सुपारी स्वतः कातरून पाहा, आणि शाळेतून आल्यावर दोन ते चार या वेळात घरात काय काय होत असे ते क्रमाने लिहा : कोणते दार लोटलेले असे, कोण झोपलेले असे, कड्यांचा आवाज कसा येई. मोबाईलमधले त्यांच्या आवाजाचे जुने संदेश आजच दुसरीकडे उतरवून ठेवा, कारण फोन बदलताना पहिले तेच जातात. जुन्या छायाचित्रांच्या पाठीमागे नावे लिहायची झाली तर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा, शाई पुढे उमटते. आणि ती गोंदाने चिकटवू नका. आजाराला लेखात दोन ओळी द्या. तो लपवू नये, पण शेवटही त्याच्यावर करू नये.

राहता राहिले ते भलते नाव. स्मृतिभ्रंशात बहुधा अलीकडचे आधी पुसले जाते आणि लहानपणचे पुष्कळ काळ टिकते. तेव्हा जी बाई तुम्हांला दुसऱ्याच नावाने हाक मारीत होती, तिच्या दृष्टीने ते नाव भलते नसण्याचा बराच संभव आहे. तुम्हांला विसरून त्या कोठे गेल्या होत्या, हा प्रश्न तुम्ही अजून कोणाला विचारलेला नाही. आणि उत्तर देऊ शकेल असे माणूस तुमच्या पत्रातच आहे.

माहेरचे नाव ठाऊक नव्हते याचा अपराध मानून घेऊ नका. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवे नाव लिहायचे आणि जुने त्या दिवसापासून कोणी उच्चारायचे नाही, अशीच आपली रीत होती. आजींनीही ते सांगितले नाही, कारण कोणी विचारले नाही. लेखाच्या मथळ्यात दोन्ही नावे द्या, माहेरचे आधी.

पण लेखाला बसण्याआधी पाणीगेटला जा. वर्षश्राद्ध ठरलेल्या तिथीला होईलच. त्या बाईंचे वय मात्र तुमच्या आजींएवढेच आहे. काकूंकडून त्यांचा पत्ता घ्या, येत्या आठवड्यात सुटी काढा, आणि चारनंतर, त्यांची दुपारची झोप झाल्यावर जा. रिकाम्या हाताने जाऊ नका, पण दात नसतील हे लक्षात ठेवून चेवड्याऐवजी काही मऊ न्या. मोबाईल पिशवीतच राहू द्या. आजींचे लग्नाआधीचे एखादे छायाचित्र असेल तर ते बरोबर घ्या, त्यांच्या हातात द्या आणि त्या बोलतील ते ऐका. कोणत्या शाळेत होतो, कोणाच्या ओटल्यावर सागरगोटे खेळत होतो, मास्तर कोण होते, हे सगळे मागे-पुढे येईल, येऊ द्या. चहा होईल. मग निघण्यासाठी पाया पडाल तेव्हा, आजी तुम्हांला ज्या नावाने हाक मारीत होत्या, ते नाव त्यांच्यापुढे उच्चारा आणि हे कोणाचे आहे, असे त्यांना विचारा.